धाकटी उठेना

माझी वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा मी शाळेत होते. तिच्याबद्दल मला पहिली कळलेली गोष्ट म्हणजे ती दाराची कडी लावायची, चार पावलं पुढे जायची आणि परत येऊन ती कडी ओढून बघायची. गॅसचं तसंच, नळाचं तसंच. आईला वाटायचं, सुनेचा आपल्यावर विश्वास नाही. एकदा आई म्हणाली, "अगं, माझ्या हातानं लावली आहे कडी!" वहिनी म्हणाली, "आई, तुमच्या हातावर विश्वास आहे. कडीवर नाही." आई इतकी हसली की वाद तिथेच मिटला.

अशा स्वभावाची बाई ॲम्ब्युलन्स केंद्रात नोकरीला लागली हे एका परीनं बरंच झालं. सुरुवातीला ती फोनवर बसायची. लोक घाबरून फोन करतात, पत्ता अर्धवट सांगतात; ही तो परत विचारायची, परत वाचून दाखवायची. मुली तिला चिडवायच्या, 'परतबघ' म्हणायच्या. पण तिनं पाठवलेली गाडी कधी चुकीच्या दारात गेली नाही.

कॉम्प्युटरकडे ती वळली ती वैतागून. यंत्र बंद पडलं की बाहेरच्या कंपनीचा माणूस यायचा, आणि तो येईपर्यंत सगळे हातावर हात ठेवून बसायचे. वहिनी त्याच्या पाठीशी उभी राहून बघायला लागली. तो आधी कातावला, मग समजावून सांगायला लागला, आणि शेवटी शेवटी फोनवरच म्हणायचा, "ताई, तुम्हीच करा ना, मी इथून सांगतो." पोरं झोपली की ती पुस्तकं उघडून बसायची. परीक्षा दिल्या, एकीत नापास झाली, तर महिनाभर घरात कुणाशी धड बोलली नाही, परत बसली आणि पास झाली. मग साहेबांनी यंत्रांची खोलीच तिच्या ताब्यात दिली. मी त्याच केंद्रात फोनवर लागले ते नंतर. तिथे मी तिला मॅडम म्हणायचं असं ठरलं होतं. दिवसातून दोनदा तरी तोंडातून वहिनी निघायचंच.

त्या खोलीत दोन सर्व्हर होते, एकाच घरातले, दिसायला जुळे. कुठली गाडी कुठे आहे, कोणाचा फोन कुठून आलाय, सगळं एकावर चालायचं. दुसरा राखीव, पहिला पडलाच तर उभा राहायला. वहिनी त्यांना जावा म्हणायची. थोरली राबते, धाकटी बसून बघते. साहेबसुद्धा मीटिंगमध्ये "थोरलीची तब्येत कशी आहे?" असं विचारायला लागले होते.

आता जे झालं ते समजायला एवढंच लक्षात घ्यायचं: सर्व्हर सुरू होतो तेव्हा आधी जागा होतो तो कर्नेल, म्हणजे सगळ्या कारभाराचा गाभा. तो डिस्क ओळखतो, पडदा ओळखतो, मग बाकीच्यांना उठवतो. नवा कर्नेल आला तरी जुना एखादा तसाच ठेवतात, नवा नाठाळ निघाला तर जुन्यावर उठता यावं म्हणून. पण नवे येत राहतात आणि जुने साठत जातात. आदल्या वर्षी थोरलीवरची त्यांची छोटीशी जागा तुडुंब भरली आणि सगळे अपडेट अडले. साहेब म्हणाले, "अहो, घर झाडतो तसं यंत्रानं स्वतःला झाडून घ्यायला काय हरकत आहे?" वहिनीनं सगळ्याच यंत्रांसाठी तसा नियम लावला: सगळ्यांत नवे दोन ठेव, बाकीचे काढून टाक. तिनं तो नियम परत बघितला, परत परत बघितला. नियम चोख चालत होता. आणि तोच घात होता.

त्या दिवशी वीजफलक बदलायचं काम होतं. वायरमन सकाळीच आला. जाडजूड मिशांचा, हळू बोलणारा माणूस. दर वाक्याआधी "म्हणजे कसं" म्हणायचा. यंत्रांच्या खोलीला आधार देणारा जुना बॅटरीसंच त्यानं सोडवला, त्याच्या माणसांनी टेम्पोत टाकून नेलासुद्धा. नवा संच भिंतीशी उभा होता. जेवणानंतर थोडा वेळ वीज तोडून तो जोडायचा, तेवढ्या वेळापुरतं धाकटीला बाहेरच्या जनरेटरवर घेऊन कारभार तिच्याकडे द्यायचा, असं ठरलेलं. तोवर सगळं थेट बाहेरच्या विजेवर.

काम देण्याआधी धाकटी नीट उठते ना, हे बघावं म्हणून वहिनीनं तिला बंद करून सुरू केलं.

मी चहा घेऊन त्या खोलीत गेले तेव्हा वहिनी खुर्चीवर नव्हती, खुर्चीच्या काठावर होती. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ.

"काय गं?"

"धाकटी उठेना. म्हणतेय, डिस्क सापडत नाही."

"डिस्क गेली?"

"डिस्क ठणठणीत आहे. नव्या कर्नेलला डिस्क जोडणारं कार्डच ओळखता येत नाहीये. आपलं कार्ड जुनं. बनवणाऱ्यांनी जुनी कार्डं सोडून दिली असणार." तिनं दुसरा कर्नेल निवडला. परत तीच ओळ. "हा पण तसलाच."

"मग त्याच्या आधीचा घे."

तिनं माझ्याकडे बघितलं. "त्याच्या आधीचा नाहीये. झाडला गेला."

तोवर मला एवढी काळजी वाटली नव्हती. राखीव आजारी पडली. थोरली आहे की. वहिनी पण तेच म्हणाली, "थोरली चालू आहे तोवर काही नाही. आधी तिचा सगळा ऐवज उतरवून घेते." तिनं पेनड्राइव्ह काढला आणि थोरलीला लावला. काहीच झालं नाही. काढून परत लावला. दुसऱ्या खाचेत लावला. थोरलीनं त्याची दखलच घेतली नाही.

वहिनी काहीतरी टाइप करायला लागली, आणि मग तिची बोटं थांबली. मी तिला बाळंतपणात पाहिलंय, बाबा गेले तेव्हा पाहिलंय. पण तिचा चेहरा असा उतरलेला कधी पाहिला नव्हता. ओठ पांढरे पडले होते.

"वहिनी?"

"थोरली ज्या कर्नेलवर चाललीय ना," ती अगदी हळू म्हणाली, जणू मोठ्यानं बोललं तर थोरली ऐकेल, "तो डिस्कवर नाहीच आहे. नवा कर्नेल आला तरी यंत्र बंद करून सुरू करेपर्यंत जुनाच चालतो. आणि थोरलीला आपण बंद कधी केलंय? गाड्या थांबत नाहीत, ती थांबत नाही. तिच्या खालची शिडी माझ्या नियमानं कधीच काढून नेलीय. ती नुसती वर उभी आहे. आता नवीन काही ओळखायला सांगितलं, एक पेनड्राइव्ह, तरी तिच्याकडे सामान नाही."

"आणि लाइट गेली तर?"

"तर धाकटीसारखीच."

आम्ही दोघींनी एकदमच भिंतीशी उभ्या असलेल्या, कशालाच न जोडलेल्या बॅटरीसंचाकडे बघितलं.

वहिनी पळतच व्हरांड्यात गेली. वायरमन फलकाचं दार उघडून, पेचकस दातात धरून आत डोकावत होता. "दादा, हात बाहेर काढा!" ती ओरडली. त्या बिचाऱ्यानं दोन्ही हात असे वर केले जणू कोणी पिस्तूल रोखलंय. तिनं त्याला सांगितलं की आता कुठलीही तार, कुठलंही बटण, कशालाच हात लावायचा नाही. जनरेटरवर घ्यायचं तरी एक क्षण वीज तुटते, तेही नको. थोरलीला वीज घेणारे दोन डबे असतात, एक जळला तर दुसरा. पण त्यातला एक आधीच जळलेला होता आणि नवा अजून आलेला नव्हता. म्हणजे एकच तार, तीही थेट बाहेरच्या विजेवर.

"म्हणजे कसं," वायरमन म्हणाला, "नवा संच जोडायचा तर एकदा तोडावं लागणारच."

"तोडायचं नाही."

"मग जोडता येत नाही."

"मग जोडू नका. इथे उभे राहा आणि कुणाला जवळ येऊ देऊ नका."

तो खरोखर उभा राहिला. पाठ फलकाला लावून, हाताची घडी घालून, जेवायच्या सुट्टीतसुद्धा हलला नाही.

साहेबांना सांगायचं होतं. त्यांच्या दारापर्यंत मी तिच्याबरोबर गेले. तिचा हात मुठीवर गेला आणि थांबला. "मीच लावलेला नियम आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "लावायला सांगितलं कुणी?" ती म्हणाली, "सांगितलं त्यांनी, पण काय ठेवायचं ते मी ठरवलं." आणि आत गेली. दार उघडंच राहिलं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"पण चालू आहे ना?" साहेब विचारत होते. "चालू आहे मग घाबरायचं काय?"

"साहेब, चालती गाडी आहे. पण थांबली तर परत सुरू होणार नाही. आणि दुसरी गाडी आधीच बंद पडलीय."



"कुणाची चूक आहे ही?"

"माझी. पण ते संध्याकाळी बोलू. आत्ता फोनवरच्या सगळ्यांना कागद-पेन द्या. प्रत्येक कॉल कागदावर पण लिहायला सांगा. भिंतीवर नकाशा लावा. वायरलेसवर सगळ्या ड्रायव्हरांना विचारून कोण कुठे आहे ते मांडून ठेवा."

साहेब रागीट खरे, पण तेव्हा त्यांनी राग बाजूला ठेवला. उठून स्वतः कपाटातून नकाशा काढला. टाचण्या सापडेनात म्हणून आम्ही शर्टांची जादा बटणं चिकटवली. लाल बटण म्हणजे गाडी कामावर, पांढरं म्हणजे मोकळी. मी माझ्या जागेवर बसले, कानाला हेडफोन, एक डोळा पडद्यावर, एक कागदावर. दर वेळी पंखा जरा हळू झाला की सगळ्यांच्या माना वर.

वहिनीला आता एकच गोष्ट हवी होती: तो जुना कर्नेल. बनवणाऱ्यांच्या साठ्यावर शोधला, तर तिथूनही हटवलेला. मग तिला आठवलं की सुरुवातीला यंत्रं बसवली तेव्हाच्या सीडीच्या चकत्या घरी आहेत. तिनं माझ्या भावाला फोन लावला. भाऊ कामावर होता, म्हणाला आईला विचार. मी कॉलच्या मधल्या फटीत तिच्या खोलीत डोकावले, तर फोन स्पीकरवर आणि आईचा आवाज:

"चकत्या? त्या चकचकीत? होत्या की कपाटात."

"आई, त्यावर निळ्या अक्षरात लिहिलेलं असेल, ती एक काढून ठेवा. हे येऊन घेऊन येतील."

"अगं, पण त्या मी बाल्कनीत टांगल्यात ना. कबुतरांना. उन्हात चमकतात, मग येत नाहीत मेली."

वहिनीनं डोळे मिटले. "केव्हा टांगल्या?"

"झाले की बरेच दिवस. पण कबुतरं येतातच. काय उपयोग झाला नाही बघ."

मला भलत्या वेळी हसू फुटलं, आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी आलं. वहिनी हसली नाही, रडली नाही. "असू दे आई, उन्हानं त्या गेल्याच असतील. ठेवते," म्हणाली, आणि कपाळ टेबलाला टेकून बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ घामानं भिजली होती.

मग ती त्याच अवस्थेत, टेबलाशीच बोलावं तशी म्हणाली, "आत्याबाई."

"कोण आत्याबाई?"

"वन्सं, ट्रेनिंगच्या खोलीत पाण्याचा जार कशावर ठेवलाय?"

वन्सं ती मला फक्त खूप चिडली किंवा खूप आनंदली तरच म्हणते. आम्ही धावलो. जावांच्याच वेळी आलेलं तिसरं यंत्र होतं ते, नव्या मुलींना शिकवायला. शिकवणं दुसरीकडे हललं तेव्हा बंद करून कोपऱ्यात सारलेलं, आणि कुणीतरी त्यावर जार ठेवलेला. बंद होतं, म्हणून झाडू त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. आम्ही जार उतरवला. मी उत्साहानं नेटवर्कची तार उचलून लावायला गेले, तर तिनं माझं मनगटच धरलं.

"नको! जागी झाल्या झाल्या नवे कर्नेल ओढून घेईल आणि जुने झाडून टाकील. एकटीच उठू दे."

बटण दाबलं. आतून पंखा घरघरला, धुळीचा वास आला. पडदा काळाच. काळाच. वहिनी पुटपुटत होती, काय ते मला कळलं नाही. मग अक्षरं यायला लागली, सरसर, ओळीवर ओळ, आणि खाली थांबून विचारलं: नाव सांगा. म्हणजे उठली होती. वहिनीनं भिंतीला हात टेकला.

पेनड्राइव्ह आत्याबाईनं लगेच ओळखला. वहिनीनं जुना कर्नेल, त्याचं सगळं सामान त्यावर घेतलं, आणि पेनड्राइव्हवरूनच यंत्र उठेल अशी सोय केली. हे सांगायला एक वाक्य लागलं. करायला तिला बराच वेळ लागला, कारण प्रत्येक गोष्ट ती परत बघत होती, आणि त्या दिवशी तिला कोणी चिडवलं नाही.

मला वाटलं, आता आधी थोरलीला वाचवेल. पण ती वायरमनकडे गेली. "दादा, धाकटी बंदच आहे. तिची एकटीची तार जनरेटरवर नको, नव्या संचावर घेता येईल? बाकी कशालाही धक्का न लावता?"

"म्हणजे कसं... संच चार्ज करायला वीज भिंतीतल्या दुसऱ्या प्लगवरून घेतो. फलक उघडत नाही."

"नक्की?"

"ताई, मी पण दोन-दोनदा बघूनच हात घालतो."

त्यानं तार ओढली. वहिनीनं पेनड्राइव्ह धाकटीला लावला, बटण दाबलं. ती उठली. डिस्क दिसली. वहिनीनं कर्नेल तिच्या डिस्कवर बसवला, पेनड्राइव्ह काढला, आणि परत बंद करून सुरू केलं, नुसतं एकदा नव्हे. मग थोरलीकडचे सकाळपासूनचे कॉल तिच्याकडे उतरवायला सुरुवात केली.

मी तोवर जागेवर परत आले होते. एका बाईचा फोन आला. नवऱ्याच्या छातीत दुखतंय, घाम फुटलाय. मी नेहमीप्रमाणे पत्ता विचारला, टाइप केला, कागदावर लिहिला. मजला विचारत होते तेवढ्यात दिवे मिचमिचले. डोळा लवावा तेवढंच. आमच्या टेबलांखाली छोट्या बॅटऱ्या असल्यानं पडदे चालू राहिले, पण नकाशावरचे गाड्यांचे ठिपके थिजले, आणि मग पडदा रिकामा झाला. बाईचं नाव, पत्ता, सगळं गेलं.

खोलीत कुणीतरी "अगं बाई" म्हटलं. व्हरांड्यातून वायरमनचा आवाज आला, "मी हात लावला नाही! बाहेरूनच गेली-आली!"

"हॅलो? हॅलो, तुम्ही आहात ना?" बाई विचारत होती.

"आहे, मी आहे." माझा आवाज मलाच परका वाटला. "तुम्ही तिसरा मजला म्हणालात. त्यांना बसतं करा, टेकून. दार उघडं ठेवा." हातातला कागद मी साहेबांकडे धरला. साहेबांनी भिंतीवरचं सगळ्यांत जवळचं पांढरं बटण बघितलं आणि वायरलेसवर स्वतः पत्ता सांगितला. ड्रायव्हरनं तो परत म्हणून दाखवला. साहेबांनी पांढरं बटण काढून लाल लावलं. 

मी बाईशी बोलत राहिले. काय बोलले ते आता आठवत नाही. बोलता बोलता पडद्यावर नकाशा परत उमटला. आधी रस्ते, मग एकेक ठिपका. धाकटी उभी राहिली होती. सकाळचे निम्मे कॉल तिच्याकडे नव्हते, ते आम्ही कागदांवरून भरले. त्या बाईच्या दाराकडे जाणारा ठिपका हलताना मला दिसला, आणि मग फोनमध्ये दुसऱ्या माणसाचा आवाज आला, "कुठे आहेत पेशंट?" मी फोन ठेवला आणि पुढचा घेतला.

संध्याकाळपर्यंत थोरलीही पेनड्राइव्हवरून उठली आणि तिला तिचा कर्नेल परत मिळाला. वायरमननं संच जोडला. पेशंटचं पुढे काय झालं हे आम्हाला सहसा कळत नाही, पण या वेळी साहेबांनी त्या बाईच्या नवऱ्याबद्दल हॉस्पिटलला मुद्दाम विचारलं. वाचला होता.

साहेबांनी वहिनीला बोलावलं ते दुसऱ्या दिवशी. तिनं काय घडलं ते सरळ लिहून दिलं. कुणाच्या सांगण्यावरून नियम लावला ते त्यात नव्हतं. साहेबांनी वाचलं, पेन घेतलं आणि ते वाक्य स्वतः घातलं. मग वर पाठवलं. वरून दोघांनाही कडक शब्दांत समज आली. तिच्या कामाच्या कागदात ती आजही आहे आणि तिला ती बोचते, हे मला माहीत आहे. जळलेल्या डब्याच्या जागी नवा मात्र दोन दिवसांत आला.

नियम तिनं काढून टाकला नाही. बदलला. ज्या कर्नेलवर यंत्र खरोखर उठलेलं आहे, त्याला यंत्रानं हात लावायचा नाही. त्याला माणूसच हटवेल. आणि नवा आला की आधी धाकटीला त्यावर उठवून बघायचं, भर दिवसा, सगळे जागेवर असताना.

पहिल्यांदा तसं करायचं होतं तेव्हा तिनं मला बोलावून घेतलं. धाकटी बंद झाली. पडदा काळा झाला. वहिनीनं माझा हात घट्ट धरला, नखं रुतली.

"अजून भीती वाटते?" मी विचारलं.

"रोज. घरी पण. रात्री भावाला विचार तुझ्या, झोपेत पण विचारते, उठली का, उठली का."

"तो काय म्हणतो?"

"म्हणतात, उठली, आता तू झोप."

पडद्यावर पहिली ओळ आली. मग दुसरी. वहिनीनं हात सोडला नाही, पुढच्या ओळीची वाट बघत राहिली.